बॅटरीवरचा आळ

सकाळी गाडी चालू झाली नाही की घरातले सगळे एकदम बॅटरीचे जाणकार होतात. किल्ली फिरवली, ‘टक’ असा एकच आवाज आला, डॅशबोर्डवरचे दिवे मंद झाले, की निकाल लागला: बॅटरी गेली. शेजारची दोन पोरं धक्का मारायला बोलवायची, गाडी कशीबशी चालू करायची आणि थेट बॅटरीच्या दुकानासमोर नेऊन उभी करायची. दुकानदार कशाला नाही म्हणेल? जुनी देऊन नवी घेतली की चार-पाच हजार रुपये जातात, गाडी एका झटक्यात चालू होते आणि आपण बरोबर ओळखलं होतं याचं समाधानही मिळतं. आता, नवी बॅटरी बसवल्यावर गाडी चालू होणारच. त्यातून जुनी बॅटरी दोषी होती हे सिद्ध होत नाही. उपाशी माणसाला उठवून त्याच्या जागी पोटभर जेवलेला माणूस कामाला लावला, एवढंच सिद्ध होतं.

ही उपाशी माणसाची उपमा माझी नाही, माझ्या मामूंची आहे. मामूंनी चाळीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम केलं. मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला, चिपळूणच्या अलीकडे, त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. होतं म्हणजे अजून आहे, पण आता तिथे माझा मामेभाऊ बसतो आणि मामू बाहेरच्या बाकावर बसून येणाऱ्या गाडीचा सेल्फ कसा वाजतो ते ऐकतात. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्या दुकानात स्क्रू आणि वॉशर वेगवेगळे करत बसायचो. कामं बरीच पाहिली, हातात एकही आलं नाही; मी मास्तर झालो. पण मामूंचं एक वाक्य डोक्यात पक्कं बसलं. कुणी येऊन “मिस्त्री, बॅटरी गेली” म्हणाला की मामू म्हणायचे, “बॅटरीवर लगेच आळ घेऊ नका. तिला नीट खायला मिळतं का बघू. रात्री तिच्या ताटातलं कोण उचलतं का बघू. तिचं तिला दुखतंय का ते मग.”

यात चौथीही एक शक्यता असते आणि तीच सगळ्यांत जास्त फसवते. बॅटरी भरलेली असते, चार्जिंगही ठीक असतं, पण मधला रस्ताच बंद असतो. त्या गोष्टीकडे येतोच.

मामूंकडे डिजिटल मीटर फार उशिरा आला. त्याआधी होता तो टेस्ट लॅम्प. एका जुन्या होल्डरमध्ये बारा व्होल्टचा बल्ब, त्याला दोन लांब वायरी, एकीच्या टोकाला चिमटा आणि दुसरीच्या टोकाला घासून अणकुचीदार केलेली सळई. बल्ब पांढरा पेटतो की पिवळा, सेल्फ मारताना किती मिचकतो, यावरून मामू जे सांगायचे ते पुढे मीटरने ताडून पाहिलं तर फारसं चुकत नसे. तरी मीटर आल्यावर त्यांनी त्याला नाकं मुरडली नाहीत. “बल्ब मला दिसतो, आकडा गिऱ्हाइकालाही दिसतो,” असं म्हणाले. माझ्या मते मीटरच्या बाजूने यापेक्षा चांगला युक्तिवाद नाही.

तर आधी आकडे सांगतो, कारण चारपाचशे रुपयांचा मीटर आज कुणालाही परवडतो. गाडीत असते ती शिसं आणि गंधकाम्लाची बॅटरी. गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने ती १८५९ साली बनवली आणि तिचं मूळ तत्त्व आजही तेच आहे. आत सहा सेल असतात, प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट. म्हणजे ‘बारा व्होल्टची’ म्हणतो ती बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ ते १२.७ दाखवायला हवी. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ म्हणजे तळाला गेलेली. इथेच निम्मे लोक फसतात. मीटर बारा दाखवतो, बॅटरी बाराची आहे, मग झालं की! झालं नाही. बारा व्होल्ट दाखवणारी बॅटरी कर्जात बुडालेली असते.

हा आकडा घ्यायचा तो सकाळी, रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा, किल्लीला हात लावण्याआधी. नुकतीच बंद केलेली गाडी वरवरचा जादा आकडा दाखवते. घाई असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करायचे, थोडं थांबायचं आणि मग मोजायचं. त्यानंतर कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून मीटरकडे बघत राहायचं. आकडा खाली येणारच, पण साडेनऊच्या खाली घसरला तर संशयाला जागा आहे. मात्र बॅटरी आधी भरलेली असायला हवी. उपाशी बॅटरीची ताकद मोजून तिला नापास करणं हा अन्याय आहे आणि तो रोज होतो.

ज्या बॅटरीला पाण्याची बुचं असतात तिच्यात हायड्रोमीटर बुडवता येतो. भरलेल्या सेलमधल्या आम्लाची घनता १.२६ ते १.२८च्या आसपास येते. सहाही सेल सारखेच उतरलेले असतील तर बॅटरीला बिचारीला चार्जिंग मिळालेलं नाही. पाच बरे आणि एक त्यांच्यापेक्षा ०.०५ने खाली असेल तर तो सेल गेला. मग मामूही दुसरं काही शोधत बसत नसत. बिनबुचांच्या काही बॅटऱ्यांवर एक हिरवा डोळा असतो. तो हिरवा दिसतोय म्हणून लोक निश्चिंत राहतात. तो डोळा सहांपैकी एकाच सेलमध्ये डोकावतो, उरलेल्या पाचांचं त्याला काही माहीत नसतं.

आता खायला घालणारा. मिस्त्री लोक अजूनही त्याला डायनामो म्हणतात, पण गेली कित्येक वर्षं गाड्यांत बसतो तो अल्टरनेटर. इंजिन चालू करून, जरा रेस देऊन बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावला तर १३.८ ते १४.५ दिसायला हवेत, आणि हेडलाइट, पंखा, वायपर सगळं लावल्यावरही आकडा साडेतेराच्या खाली जाता कामा नये. १२.४ दिसले आणि हळूहळू उतरायला लागले तर बॅटरी एकटीच गाडी ओढतेय. मग बेल्ट सैल झालाय का, कार्बन घासलेत का, रेग्युलेटर गेलाय का, की एखादा फ्यूज उडालाय ते पाहायचं. आकडा पंधराच्या वर गेला तर उलटा आजार: बॅटरी उकळते, पाणी वारंवार कमी होतं आणि बोनेट उघडताच सडलेल्या अंड्यासारखा वास येतो. असा वास आला की मामू आधी सगळ्यांच्या बिड्या विझवायला लावायचे. चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि त्याला एक ठिणगी पुरते.

ठिणगीवरून आठवलं. जुन्या मिस्त्रींची एक परीक्षा होती: इंजिन चालू ठेवून बॅटरीची एक वायर काढायची. गाडी चालू राहिली तर डायनामो बरा, बंद पडली तर डायनामो गेला. जुन्या डायनामोच्या काळात ते खपून जायचं. अल्टरनेटरच्या गाडीत असं केलं तर व्होल्टेज क्षणभर कितीतरी पट उसळतं आणि त्याचे डायोड, रेग्युलेटर, शिवाय गाडीतला कंप्युटर, जे सापडेल ते जळतं. आजही महामार्गावर मदतीला धावून येणारा एखादा सज्जन ही युक्ती करायला निघतो. त्याचे आभार मानावेत आणि हात धरावा.

डायोडचं एक वेगळंच आहे. अल्टरनेटरमध्ये तयार होते ती उलटसुलट वाहणारी वीज. तिला एका दिशेने लावण्याचं काम डायोड करतात, बहुतेक अल्टरनेटरमध्ये निदान सहा. त्यातला एक बिघडला तरी गाडी पळत राहते, फक्त चार्जिंग कमी होतं, रेडिओत इंजिनाच्या रेसबरोबर चढउतार होणारी शिट्टी ऐकू येते आणि कधीकधी बॅटरीचा लाल दिवा अंधारातच दिसेल इतका अंधूक पेटलेला राहतो. असा डायोड गळका झाला तर रात्री बंद गाडीतही बॅटरीतली वीज अल्टरनेटरमधून निसटत राहते. दिवसा जो वाढतो तोच रात्री चोरतो. सकाळी बॅटरी उतरलेली, दिवसा मीटर लावला तर चार्जिंग जेमतेम ठीक. अशा गाडीला नवी बॅटरी घातली तर दोन-तीन महिने सुखाचे जातात, इतकंच.

आता त्या चौथ्या शक्यतेची गोष्ट.

आमच्या भागात एक बेकरी आहे. पाव, बटर, खारी, नानकटाई. तिचा एक छोटा मालवाहू टेम्पो पहाटे चारला निघतो आणि उजाडायच्या आत तीसेक दुकानांत माल टाकतो. पहाटेचा काळोख, म्हणून दिवे लावलेले. प्रत्येक दुकानापाशी डिझेल वाचवायला इंजिन बंद, पाच मिनिटांनी पुन्हा सेल्फ. बॅटरीच्या दृष्टीने याहून वाईट नोकरी शोधून सापडणार नाही. दर वेळी काढून घ्यायचं भरपूर आणि परत द्यायचं पुढच्या वळणापर्यंत.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा हा टेम्पोही बुडाला होता. नंतर इंजिन उघडलं, तेल बदललं, सेल्फ आणि अल्टरनेटर सुकवून बसवले, गाडी चालू झाली. त्या दिवसांत प्रत्येक गॅरेजसमोर चिखलाने माखलेल्या गाड्यांची रांग होती. चालू झाली हेच पुष्कळ, अशी सगळ्यांची अवस्था. पुढचं जवळपास वर्ष बरं गेलं. मग बॅटऱ्या जायला लागल्या. चौदा महिन्यांत तीन.

पहिली गेली तेव्हा भाईंनी, म्हणजे बेकरीच्या मालकांनी, नशीब म्हणून सोडून दिलं. दुसरी गेली तेव्हा अल्टरनेटर तपासून घेतला. एका दुकानात सांगितलं, एकदम ओके, चौदा व्होल्ट देतोय. तिसरी गेली तेव्हा टेम्पोवरच्या मुलावर संशय आला. उत्तर प्रदेशातून आलेला एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा. भट्टीजवळ उकडतं म्हणून रात्री टेम्पोच्या केबिनमध्येच झोपायचा. बॅटरी चांगली, अल्टरनेटर चांगला, मग राहिलं कोण? हाच रात्रभर गाणी ऐकतो, मोबाईल चार्ज करतो, आतला दिवा चालू ठेवतो. मुलगा शपथा घेत होता. भाईंनी तिसऱ्या बॅटरीचे निम्मे पैसे त्याच्या पगारातून कापले. तो महिना संपवून मुलगा काम सोडून गेला.

तो गेल्यावर अडीच महिन्यांनी टेम्पो पुन्हा कुरकुरायला लागला. आता केबिनमध्ये कुणी झोपत नव्हतं. तेव्हा भाई तो घेऊन मामूंच्या दुकानात आले. योगायोगाने मी तिथे होतो.

मामेभावाने आधी बॅटरी मोजली: १२.३. इंजिन चालू करून अल्टरनेटरवर मीटर लावला, एक टोक त्याच्या बोल्टवर आणि दुसरं त्याच्याच अंगाला: १४.२. म्हणजे आधीचं दुकान खोटं बोललं नव्हतं. मग त्याने तोच मीटर बॅटरीच्या टोकांवर लावला आणि सगळे दिवे लावायला सांगितले. १३.५. मधले सात दशांश व्होल्ट कुठे गेले?

बाकावरून मामू उठले. आता हात थोडा थरथरतो, पण टेस्ट लॅम्प अजून खिळ्याला टांगलेला असतो. चिमटा बॅटरीच्या प्लसला लावला, सळई बॅटरीच्या मायनसला टेकवली आणि म्हणाले, मार सेल्फ. बल्ब मंद झाला. मग सळई उचलून इंजिनाच्या उघड्या लोखंडावर टेकवली. मार सेल्फ. बल्ब आणखी कितीतरी मंद झाला. मामू एवढंच म्हणाले, “अर्थ.”

ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं थांबून सांगतो. गाडीत प्लसची वायर सगळीकडे फिरवलेली असते, पण परतीची वायर जवळजवळ नसतेच. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचं लोखंडी अंग. बॅटरीची मायनस केबल बॉडीला जोडतात. इंजिन मात्र रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून बॉडी आणि इंजिन यांच्यामध्ये तांब्याची जाड विणलेली पट्टी लावतात. काही गाड्यांत मायनसची दुसरी केबल थेट इंजिनाला नेतात, या टेम्पोत पट्टीच होती. सेल्फ आणि अल्टरनेटर दोन्ही इंजिनाला चिकटलेले, म्हणजे दोघांचाही सगळा प्रवाह त्या एका पट्टीतून जातो. सेल्फ शंभर-दीडशे ॲम्पिअर ओढतो. पट्टीत शंभराव्या भागाइतका ओहम जरी अडथळा आला तरी दीड व्होल्ट तिथल्या तिथे जिरतात. आणि अल्टरनेटर कितीही इमानदारीने १४.२ देत असला तरी बॅटरीच्या ताटात पडतात ते १३.५. अशी रोज थोडी उपाशी राहिलेली बॅटरी आतून कडक होत जाते. प्लेटांवर जमलेल्या शिशाच्या क्षाराचे खडे बनतात आणि ते नंतर चार्जिंगने विरघळत नाहीत. तिला कुणी लुटलं नव्हतं. पहाटेच्या दिव्यांत आणि तीस सेल्फांत तिची रोज थोडी थोडी उपासमार होत होती.

मामेभावाने मीटरने पक्कं केलं. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनाला, आणि सेल्फ. खरं तर इथे जवळजवळ शून्य यायला हवं, ०.२पर्यंत चालतं. आले दोनच्या वर. मग जंपर केबल घेऊन बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनापर्यंत लावली आणि किल्ली फिरवली. टेम्पो असा चालू झाला की भाई दचकून मागे सरले.

पट्टी काढायला टेम्पोखाली शिरावं लागलं. वरून ती बरी दिसत होती. बोल्टजवळ दाबलेलं तोंड उघडलं तर आत हिरवी भुकटी. पुराचं गढूळ पाणी त्या विणीत शिरून बसलेलं, वर आमची कोकणातली दमट हवा. दोन वर्षांत निम्म्या तारा खाल्ल्या गेल्या होत्या. नवी पट्टी, दोन्ही बाजूंचा रंग पॉलिश पेपरने खरवडून काढलेला, वर ग्रीस. मजुरीसकट साडेतीनशे रुपये. बॅटरीही काढली नाही; रात्रभर चार्जरवर ठेवली आणि ती पुढे बरेच दिवस चालली.

ती हिरवी पट्टी भाईंनी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मामेभावाला विचारलं, “केबिनमधला दिवा रात्रभर राहिला असता तर?”

“पाच वॅटचा बल्ब आहे,” मामेभाऊ म्हणाला. “रात्रीत तीन-चार ॲम्पिअर-तास. सकाळी गाडी चालू झाली असती. मोबाईलने तर काहीच होत नाही.”

हा हिशोब चौथीतलं पोर करेल. पाच वॅट भागिले बारा व्होल्ट, गुणिले आठ तास. पण चौदा महिन्यांत तो कुणी केला नव्हता, कारण त्याआधीच उत्तर ठरलं होतं. भाई वाईट माणूस नाहीत. रमजानमध्ये त्यांच्या बेकरीतून किती घरांत फुकट पाव जातात ते मला माहीत आहे. त्यांनी मुलाला फोन लावला, त्याने उचलला नाही. कापलेले पैसे त्यांनी मोबाईलवरून पाठवले. ते त्याने घेतले. परत आला नाही. तो आता रत्नागिरीकडे कुठे तरी दुसऱ्या बेकरीत आहे असं ऐकलं.

हल्ली समाजमाध्यमांवर आमच्या लोकांना ‘पंक्चरवाले’ म्हणून हिणवायची एक टूम आहे. मला ते शब्द लागतात, पण लागतात ते वेगळ्या जागी. पंक्चर काढण्यात कमीपणा काय, हे एक. दुसरं म्हणजे, डोकं नसलेल्याचं काम म्हणून हे म्हटलं जातं आणि म्हणणाऱ्याने कधी बॉनेटखाली वाकून एका अदृश्य गोष्टीचा माग काढणारा माणूस बघितलेला नसतो. मी पंचवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवतो. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, अंदाज आधी बोलून दाखवायचा आणि मग मोजायचं, हे मी फळ्यावर लिहितो. हे करून पोट भरणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो पत्र्याच्या दुकानात.

राहिली रात्रीची चोरी. तिचं आमच्याकडे खास पीक आहे, कारण आमच्या गावात जितक्या गाड्या पळतात तितक्याच उभ्या असतात. घराघरांतली माणसं आखातात. रमजान-ईदला किंवा मे महिन्यात दीड महिना येतात, उरलेले साडेदहा महिने गाडी अंगणात झाकलेली. माझा थोरला चुलतभाऊ कुवेतला असतो. त्याने लागोपाठ तीन वर्षं घरी आल्या आल्या पहिली खरेदी बॅटरीची केली. गावातला रामबाण उपाय भाभी न चुकता करत होत्या: दर जुम्म्याला दहा मिनिटं गाडी चालू करून ठेवायची. या उपायावर माझा विश्वास नाही. आठवडाभर बॅटरीतून जे झिरपतं ते जागेवर गुरगुरणाऱ्या इंजिनाच्या दहा मिनिटांत परत येत नाही. बॅटरी सावकाश पिते, गटागट नाही.

मामेभावाने त्या गाडीची मायनस केबल काढून मीटर मध्ये जोडला, गाडी लॉक केली आणि चहा प्यायला लावला. ही चहाची अर्धा तास सुट्टी कामाचाच भाग आहे. आजच्या गाड्यांतले कंप्युटर लॉक केल्यावर लगेच झोपत नाहीत, त्याआधी घेतलेला आकडा फसवा. अर्ध्या तासाने मीटर ०.३ ॲम्पिअर दाखवत होता. ०.०५च्या आत असायला हवा. मग एकेक फ्यूज काढत गेला. एकाही फ्यूजने फरक पडेना. म्हणजे चोर फ्यूजच्या वाटेने येतच नव्हता. भावाने हौसेने बसवून घेतलेला स्पीकरचा ॲम्प्लिफायर कुणीतरी थेट बॅटरीवर जोडला होता आणि तो कधी बंदच होत नव्हता. ०.३ ॲम्पिअर म्हणजे दिवसाला सात ॲम्पिअर-तास. त्याच्या गाडीची बॅटरी ३५ची. पाच दिवसांत मैदान साफ, आणि जुम्मा येतो सातव्या दिवशी.

ॲम्प्लिफायर सोडवल्यावर आकडा ०.०३वर आला. हे निरोगी आहे. पण निरोगी गाडीही दीड महिन्यात बॅटरी तळाला नेते, त्यापुढे दहा महिने कुठून काढणार? नव्या गाड्यांत तर भानगडी वाढल्याच आहेत. काही गाड्यांत चार्जिंग किती करायचं ते कंप्युटर ठरवतो, त्यामुळे चांगल्या गाडीतही कधी १२.८ दिसतात तर कधी १४.८, आणि मामूंचा चौदाचा नियम तिथे जसाच्या तसा लावता येत नाही. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांना वेगळ्या जातीची बॅटरी लागते. स्वस्तातली साधी बसवली तर ती लवकर दम तोडते. मामेभाऊ आता लॅपटॉपएवढा स्कॅनर बाळगतो. पण गाडी आली की आधी अर्थ बघतो.

भाऊ गेल्या खेपेला निघताना बॅटरी पूर्ण चार्ज करून, मायनसची केबल काढून गेला. आधी मायनस काढायची, लावताना शेवटी लावायची. म्हणजे पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. दहा नंबरचा पाना भाभींनी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवून ठेवलाय, मीटर फ्रिजवर. नुसती पडून राहिलेली बॅटरीही महिन्याला थोडी उतरतेच, उन्हाळ्यात जास्त. म्हणून दर एक तारखेला त्या मोजतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या हिशोबाखाली आकडा लिहितात. १२.४ला आली की मामेभावाला फोन, तो चार्जर घेऊन येतो. परवा गेलो तेव्हा पानं उलटून पाहिली: १२.७, १२.६, १२.६, १२.५.